आढ्याचं पाणी, वळचणीची हवा

अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी माणसाला शाळेचा दर्जा, हायवेचं अंतर आणि ओट्याचा दगड यांची खडान्‌खडा माहिती असते. डोक्यावर काय आहे, ते मात्र पहिल्यांदा पाणी टपकेपर्यंत ठाऊक नसतं. डोक्यावर असतं प्लायवूड, त्यावर डांबरी कागद, त्यावर डांबराच्या शिंगल्स. आणि सगळ्यात वर, दोन पाखी जिथे मिळतात तिथे, आढ्याच्या दोन्ही अंगांना मुद्दाम कापून ठेवलेली फट. हो, मुद्दाम. एका बाजूला साधारण पाऊण ते एक इंच, तेवढीच दुसऱ्या बाजूला, आणि लांबी जवळजवळ अख्ख्या आढ्याएवढी. या फटीवर जे झाकण असतं त्याला रिज व्हेंट म्हणतात. माळ्यावरची गरम, दमट हवा बाहेर सोडायची आणि पाऊस आत येऊ द्यायचा नाही, अशी त्याची दुहेरी नोकरी.

न्यू जर्सीत आमच्या घरी या झाकणाने दगा दिला आणि घरात दोन पक्ष पडले. एक आमच्या ह्यांचा. हे निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, हयात धरणं आणि कालवे यांत गेली, त्यामुळे पाण्याशी ह्यांचं जुनं वैर. दुसरा पक्ष ह्यांच्या पुतणीचा. ती घरांची ऊर्जा तपासणी करते. दारात मोठा पंखा बसवून घर कुठून किती हवा गमावतं ते मोजायचं, माळ्यावर गुडघ्यांवर रांगत जायचं, हे तिचं रोजचं काम. घरीदारी सगळे ह्यांना काकाच म्हणतात, म्हणून खालीही तेच नाव वापरते. मी दोघांना चहा देत ऐकत होते. मत मला कोणी विचारलं नाही. ते अधूनमधून इथे देते.

काका: साधा प्रश्न. छपराचं काम काय? पाणी अडवणं. मग सगळ्यात उंच जागी, जिथे वारा सगळ्यात जास्त, तिथे चाळीस फूट लांब भोक कोणत्या शहाण्याने पाडलं? धरणाच्या माथ्यावर मी असं भोक ठेवलं असतं तर सरकारने मला घरी बसवलं असतं.

पुतणी: धरणालाही सांडवा असतोच की.

काका: सांडव्यातून पाणी बाहेर जातं. इथे आत येतंय.

पुतणी: इथून हवा बाहेर जायची आहे. पाणी आत का येतंय हे अजून कोणी पाहिलेलंच नाही. तुम्ही आधी निकाल दिलात, आता पंचनामा करताय.

काका: निकाल मी नाही, रूफरने दिला. वादळानंतर दारावर आला होता. म्हणाला, हे व्हेंट काढून टाका, फट प्लायवूडने बुजवा, वर शिंगल्सची टोपी घाला आणि मागच्या पाख्यावर एक पंखा बसवा. विजेचा नको असेल तर सोलरचा. मला पटलं.

पुतणी: तो माळ्यावर गेला होता?

काका: नाही.

पुतणी: शिडी तरी लावली?

काका: ड्रोन उडवला.

पुतणी: म्हणजे छप्पर त्याने वरून बघितलं. रिज व्हेंटचं दुखणं खालून दिसतं.

(वादळानंतर दुसऱ्याच दिवशी ड्रोन घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल माझं मत आधीपासूनच बरं नव्हतं. ह्यांनी त्याला चहा दिला होता.)

पुतणीने मग वही मागितली. ह्यांची एक वही आहे. धरणावर असताना पाण्याची पातळी लिहायची सवय, ती सुटलेली नाही. वरच्या मजल्यावरच्या बोळात छताला डाग पडल्यापासून पाणी कधी टपकलं, किती वेळ टपकलं, बाहेर हवा कशी होती, वारा कुठून होता, हे सगळं तारीखवार. पुतणी ती वही एखाद्या रुग्णाच्या कागदासारखी वाचत होती. बहुतेक नोंदी नॉरईस्टरच्या रात्रींच्या होत्या. ही आपल्या किनाऱ्यावरची, ईशान्येचा वारा आणणारी वादळं. पाऊस त्यांत वरून पडत नाही, आडवा येतो. पण फेब्रुवारीतल्या दोन नोंदी तिने बोट ठेवून पुन्हा वाचल्या.

पुतणी: 'आकाश निरभ्र. पहाटे कडाक्याची थंडी. सकाळी दहानंतर टपटप.' काका, निरभ्र आकाशातून पाणी कसं आलं?

काका: फटीत बर्फ अडकला असेल. ऊन लागल्यावर वितळला.

पुतणी: पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिलंय, 'छपरावर बर्फ नाही.'

काका: ...मग?

पुतणी: मग ही दोन वेगळी पाणी आहेत. वादळातलं बाहेरून येतं. फेब्रुवारीतलं आपल्याच घरातलं. शिंगल्सच्या खिळ्यांची टोकं प्लायवूडमधून माळ्यात डोकावतात. रात्री ती बाहेरच्या थंडीइतकी थंड होतात. खालून दमट हवा वर येते, त्या टोकांवर तिचं दव धरतं, दव गोठतं. सकाळी ऊन पाख्यावर आलं की सगळी टोकं एकदम ठिबकायला लागतात. लोकांना वाटतं, छप्पर गळतंय.

काका: दमट हवा माळ्यावर येते कुठून? घर तर बंद असतं.

पुतणी: तुमच्या बाथरूमच्या पंख्याचा पाइप मी वर जाऊन पाहिला. तो छपरातून बाहेर गेलेलाच नाही. इन्शुलेशनवर मोकळा सोडून दिलाय. चार माणसांच्या आंघोळीची वाफ रोज थेट माळ्यावर. शिवाय माळ्याच्या झाकणाभोवती बोटभर फट आहे. काकूच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा वर ऐकू जात असतील. आता मला सांगा, व्हेंट बुजवलंत तर वादळातलं पाणी थांबेल. फेब्रुवारीतलं?

काका काही बोलले नाहीत. पण हार मानणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, हे मी लग्नानंतर लवकरच शिकले. ह्यांनी दुसरी वही काढली.

काका: ठीक. आता माझा अभ्यास ऐक. इथला नियम म्हणतो, माळ्याच्या तीनशे चौरस फुटांमागे एक चौरस फूट मोकळी जागा हवी. हे तीनशे आले कुठून? इलिनॉय विद्यापीठाच्या विल्यम रोझ यांनी याचा माग काढला. १९४२ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या किमान बांधकामाच्या नियमांत हा आकडा आला. त्याला आधार म्हणून एका प्रयोगाचं नाव नाही, एक संदर्भ नाही. कोणीतरी टेबलावर बसून ठोकून दिला आणि ऐंशी वर्षं सगळा देश तो गिरवतोय. आमच्या खात्यात असा आकडा मी खपवून घेतला नसता.

पुतणी: बरोबर आहे.

काका: म्हणजे?

पुतणी: म्हणजे तुमचं बरोबर आहे. आणखी दोन मुद्दे तुम्हाला देते. व्हेंटमुळे शिंगल्स फार टिकतात असं सांगतात. शिंगलच्या तापमानावर तिच्या रंगाचा परिणाम हवेपेक्षा जास्त होतो. आणि माळ्याच्या तळाशी इन्शुलेशन चांगलं असेल तर उन्हाळ्यात एसीच्या बिलात व्हेंटमुळे पडणारा फरक थोडाच असतो. व्हेंट विकणारे हे दोन्ही फायदे मोठ्या अक्षरांत छापतात.

काका: मग तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?

पुतणी: आकडा ढिला आहे, कारण ढिलं नाही. मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक रौली यांनी १९३०च्या दशकात थंड हवेतल्या भिंती आणि छतांमधल्या दमटपणावर प्रयोग केले, ते याच प्रश्नासाठी. घरं नुकतीच इन्शुलेट व्हायला लागली होती आणि आतल्या बाजूला दव धरायला लागलं होतं. थंडीत माळ्यावर पोचलेल्या वाफेला बाहेरची वाट हवी, एवढं खरं. ती वाट नेमकी एकास तीनशेच हवी की एकास चारशे चालेल, यावर तुम्ही रोझ साहेबांशी खुशाल बसून चर्चा करा. इमारतीच्या नियमांत मूळ प्रमाण एकास दीडशेच आहे. तीनशेची सवलत तेव्हाच, जेव्हा एकूण जागेपैकी चाळीस ते पन्नास टक्के वर, आढ्याजवळ असेल आणि बाकीची खाली. आपल्यापेक्षा थंड राज्यांत त्यावर आणखी एक अट आहे. शिवाय शिंगल्सच्या कंपन्या वॉरंटीच्या कागदात हवा खेळती हवी असं लिहितात. विज्ञान राहू द्या, वॉरंटी हवी असेल तर ते पाळावं लागतं.

काका: आपल्या गावच्या घराला कुठे होतं व्हेंट? शंभर वर्षं उभं आहे.

पुतणी: गावच्या घराला कौलं आहेत. दोन कौलांमधली प्रत्येक फट हवा सोडते. चुलीचा धूर कुठून जायचा ते आठवा. आणि कोकणात जानेवारीच्या रात्री कोणी आत वीस अंश ठेवून बाहेर उणे दहा झेललेले नाहीत. इथलं छप्पर हवाबंद आहे. डांबराला श्वास घेता येत नाही.

हा मुद्दा ह्यांना लागला असावा, कारण ह्यांनी लगेच आघाडी बदलली.

काका: मग माळाच घरात घेऊ. वाशांच्या पोटाला स्प्रे फोम मारायचा, व्हेंट नाही, वळचण नाही, काही नाही. जो स्टीबुरेक या माणसाचं मी वाचलंय. मोठा माणूस आहे. तो म्हणतो, हवा न खेळवताही माळा नीट बांधता येतो.

पुतणी: तो म्हणतो, दोन्ही तऱ्हांनी बांधता येतो, फक्त जी तऱ्हा घ्याल ती नीट करा. इथल्या नियमांतही त्याला परवानगी आहे. माळ्यावर एसीचं यंत्र आणि डक्ट असते तर मीच तुम्हाला फोम सुचवला असता. आपले डक्ट तळघरात आहेत. आणि ज्या छपरातून आज पाणी येतंय त्याच्या पोटाला फोम मारलात तर उद्या पाणी दिसणारच नाही, प्लायवूड मात्र आतून कुजेल. जुन्या शिंगल्सखाली फोम म्हणजे जखमेवर पट्टी बांधून तोंड फिरवणं.

काका: आणि पंखा? तो तर हवाच बाहेर टाकतो. तुझंच काम करतो.

पुतणी: पंखा हवा बाहेर टाकतो, पण आणतो कुठून? त्याला जिथून सोपं जाईल तिथून. खालच्या वाटा बंद असतील तर तो तुमच्या छतातल्या दिव्यांच्या भोकांतून, माळ्याच्या झाकणातून, घरातली हवा ओढतो. म्हणजे तुम्ही पैसे देऊन थंड केलेली हवा. घरात जुन्या पद्धतीचा गॅसचा बंब असेल तर त्याच्या धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. हे चेष्टेचं काम नाही. व्हेंट तसंच ठेवून शेजारी पंखा लावला तर तो व्हेंटमधूनच हवा घेतो, पाऊस आणि बर्फासकट. आणि तुमचा सोलर पंखा फेब्रुवारीच्या पहाटे, जेव्हा खिळ्यांवर दव गोठतं, तेव्हा झोपलेला असतो.

या शेवटच्या वाक्यावर ह्यांना हसू आलं. वादात हसू आलं की समजावं, पंखा गेला. मला विचाराल तर पंख्याचा मुद्दा एवढ्यावरच निकालात निघायला हवा होता, पण आणखी पाव तास चालला. तो गाळते.

पुतणी: तुम्ही मघापासून वरच बघताय. खाली वळचणीकडे बघितलंत?

काका: बघितलंय. विनाइलची पट्टी आहे, तिला बारीक भोकं आहेत. हवा आत जायला जागा आहे.

पुतणी: बाहेरून आहे. मी माळ्यावर गेले आणि टॉर्च बंद केला. भर दुपारी वळचणीकडे मिट्ट काळोख. भोकांतून उजेडाची एक रेघ आली नाही. विनाइलच्या मागे मूळची प्लायवूडची फळी तशीच आहे. ज्याने ती सुंदर भोकांची पट्टी लावली त्याने मागची फळी कापलीच नाही. वर कोणीतरी सेल्युलोजचं इन्शुलेशन फुंकताना वाशांमधली तोंडंही बुजवली आहेत. मग मी काकूच्या देवघरातली उदबत्ती घेतली.

(मला वाटलं होतं, देवाला लावायला नेली.)

पुतणी: कागद आणि इन्शुलेशनपासून लांब धरून आढ्यापाशी नेली. धूर वर जायला हवा होता. तो उत्तरेच्या फटीकडून आत ढकलला जात होता आणि दक्षिणेच्या फटीतून बाहेर पडत होता. काका, तुमच्या व्हेंटला खालून हवाच मिळत नाही. म्हणून ते वाऱ्याच्या बाजूने हवा आत घेतं आणि दुसऱ्या बाजूने सोडतं. कोरड्या दिवशी हवा आत येते. नॉरईस्टरमध्ये त्याच वाटेने पाणी येतं.

काका: म्हणजे आढ्याचं पाणी वळचणीला जायचं, आणि वळचणीची हवा आढ्याला. तुझी एक वाट बंद आहे म्हणून दुसरी चुकतेय.

पुतणी: आता बोललात इंजिनिअरसारखं.

इथून पुढे बोलण्याचा सूर बदलला. विरोध गेला नाही, पण दोघं एकाच कागदावर वाकली. ह्यांनी पेन्सिल घेतली.

काका: चाळीस फूट बाय तीस फूट, बाराशे चौरस फूट माळा. तुझ्या त्या पोथीतल्या तीनशेने भागलं की चार चौरस फूट. म्हणजे ५७६ चौरस इंच. अर्धी जागा वर, २८८. एका फुटाला व्हेंट किती देतं?

पुतणी: चांगलं, कडक प्लास्टिकचं असेल तर फुटामागे साधारण अठरा चौरस इंच.

काका: म्हणजे सोळा फूट पुरे. आणि आपण चाळीस फूट कापून ठेवलंय! ७२० चौरस इंच. खाली शून्य, वर ७२०. पाणी येणार नाही तर काय होणार? मला वीस फूट ठेव आणि पूर्वेकडची वीस फूट फट बंद कर. आडोसा देणारं मोठं ओकचं झाड पडल्यापासून नॉरईस्टरचा पहिला फटका तिथेच बसतो. डागही तिथेच आहे.

पुतणी: साधारणपणे मी पूर्ण लांबी ठेवते.

काका: कारण?

पुतणी: सवय... आणि बाहेरून आढं एकसारखं दिसावं म्हणून. छताचा उतारच घराचं छत असतं, मधे माळा नसतो, तिथे प्रत्येक दोन वाशांमधल्या गाळ्याला स्वतंत्र तोंड लागतं. इथे माळा मोकळा आहे, हवा आडवी फिरू शकते. चालेल. फट बंद करू, पण वरून व्हेंट पूर्ण लांबीला नेऊ, म्हणजे मधे पायरी दिसणार नाही.

हा एक मुद्दा ह्यांनी निखळ जिंकला आणि दिवसभर त्याचा उल्लेख होत राहिला. माझ्या मते रास्तच जिंकला. फट जितकी कमी, तितकं वाऱ्याला कमी आमंत्रण. हे समजायला ऊर्जा तपासणीचं प्रमाणपत्र लागत नाही.

काका: आता दुरुस्ती सांग. आहे त्याच व्हेंटच्या कडेने सिलिकॉन मारला तर?

पुतणी: अजिबात नको. उन्हात तो वर्षा-दोन वर्षांत सुटतो. तोवर हवेचं तोंड बंद, आणि आत शिरलेल्या पाण्यालाही बाहेर पडायला वाट नाही. जुनं व्हेंट वाचवण्यासारखं नाही, काका. ती तंतूंची जाड पट्टी आहे, गुंडाळीत मिळते. लावणाऱ्याने नेलगनने ठोकताना इतकी दाबलीय की जिथे जिथे खिळा आहे तिथे ती कागदाएवढी झालीय, आणि मधल्या जागेत धूळ भरलीय. खिळेही आखूड. नुसत्या प्लायवूडमध्ये घुसलेले, उन्हा-थंडीने वर आलेत. आढ्यावरच्या टोपीच्या, म्हणजे कॅपच्या, ज्या शिंगलखाली खिळा वर येतो ती शिंगल फुगते, मग तिथेच फाटते. मी आतून गंजाचे चार ठिपके मोजले, चारही छताच्या डागाच्या बरोबर वर.

काका: मग क्रम सांग.

पुतणी: आधी खाली. वळचणीची विनाइल पट्टी काढायची, मागची फळी कापायची, पट्टी परत लावायची. ऐंशी फूट वळचण आहे, फुटामागे साडेचार चौरस इंच मोकळी जागा मिळाली की तुमच्या वीस फुटांना बरोबर पुरते. माळ्यावरून प्रत्येक गाळ्यात फोमची पन्हळी पट्टी बसवायची, म्हणजे इन्शुलेशन पुन्हा तोंड बुजवणार नाही. बाथरूमचा पाइप छपरातून बाहेर काढायचा, माळ्याच्या झाकणाला रबराची कड. हे होईपर्यंत वर हात लावायचा नाही.

काका: आणि वर?

पुतणी: दिवस ढगाळ, कोरडा, थंडगार बघायचा. कडक उन्हात शिंगल मऊ होऊन फाटते, कडाक्याच्या थंडीत तडकते. चपटी पहार कॅपच्या खाली हळूच सरकवायची, डांबराची चिकटलेली पट्टी सोडवायची, खिळा उचलायचा. खालच्या ओळीची शिंगल फाडायची नाही, सगळं कसब तिथे आहे. जुनी पट्टी काढल्यावर प्लायवूडची कड हाताने दाबून बघायची. मऊ लागली तर तेवढा तुकडा बदलायचा. फट मोजायची, कोणीतरी उत्साहात आढ्याची तुळई किंवा कैचीचं टोक कापलेलं नाही ना, तेही बघायचं. पूर्वेच्या वीस फुटांवर फळीची पट्टी, तिच्यावर चिकट डांबरी रबराचा पट्टा. मग नवं व्हेंट. चार-चार फुटांचे कडक तुकडे, एकमेकांत अडकणारे. बाहेरच्या कडेला उभी कड असलेलेच घ्यायचे. वारा त्या कडेवर आपटून वर उसळतो, तोंडापाशी दाब कमी होतो आणि आतली हवा ओढली जाते. कड नसेल तर वारा सरळ तोंडात शिरतो. दोन्ही टोकांना टोपण हवंच. ते विसरलं की पाऊस, गांधीलमाशा आणि वटवाघळं, तिघांनाही निमंत्रण.

काका: खिळे?

पुतणी: व्हेंटमध्ये जिथे भोकं दिली आहेत तिथेच. हातोडीने. नेलगन दाबाचा अंदाज चुकवते. खिळा प्लायवूडच्या आरपार गेला पाहिजे. व्हेंटची जाडी मधे असल्यामुळे नेहमीचा आखूड रूफिंगचा खिळा इथे पोचत नाही, कॅपला दोन-अडीच इंची लागतो. कॅप्स पाचेक इंच उघड्या ठेवत एकावर एक, सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून. म्हणजे सांध्यांची तोंडं ईशान्येकडे उघडी राहत नाहीत. शेवटच्या कॅपचे खिळे वरून दिसतात, त्यांच्या डोक्यांवर रूफिंग सिमेंटचा ठिपका.

काका: एवढं तर मीच करेन. शिडी आहे.

पुतणी: काका.

काका: धरणाच्या भिंतीवरून चाललोय मी.

पुतणी: धरणाच्या भिंतीला कठडा होता. अमेरिकेत रूफरचं काम सगळ्यात जीवघेण्या धंद्यांत मोडतं, आणि ती माणसं रोज चढतात. बांधकामात सहा फुटांवर गेलं की पडण्यापासून संरक्षण लागतं, असा नियम आहे. तुमचं आढं त्याच्या चौपट उंच आहे. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर टेकवायची, पन्हळीच्या वर तीन फूट निघायला हवी, हे तुम्हाला पाठ असेल. पण आढ्यावर दोर बांधायचा आंकडा, पट्टा, आणि तो वापरायची सवय, यांतलं काय आहे तुमच्याकडे? माळ्यावरचं काम तुम्ही करा, वळचणीला मी येते. आढं त्या लोकांचं.

इथे माझं मत मला पहिल्यांदा विचारण्यात आलं, आणि मी ते एका शब्दात दिलं.

मग रूफर कसा निवडायचा यावर बोलणं आलं. न्यू जर्सीत पाचशे डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीचा करार लेखी असावा लागतो, कॉन्ट्रॅक्टरची राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंदणी असावी लागते, आणि कराराची प्रत मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत तो करार मोडता येतो. हे तिसरं आमच्या ड्रोनवाल्याने सांगितलं नव्हतं. ह्यांनी करारात स्वतःच्या हाताने चार ओळी घातल्या. व्हेंट कडक प्लास्टिकचं, बाहेरची कड असलेलं. खिळे हाताने, इतक्या लांबीचे. पूर्वेची वीस फूट फट बंद. आणि जुनी पट्टी काढल्यावर, नवं लावण्याआधी, उघड्या आढ्याचे फोटो. पहिले दोन रूफर ही चौथी ओळ वाचून परतच आले नाहीत. तिसरा हसला आणि म्हणाला, ठीक आहे. काम त्यालाच दिलं.

तीनशेचा आकडा थोतांड आहे हे ह्यांचं मत अजून तसंच आहे. पुतणी म्हणते, थोतांड असेल, पण तुमचं गणित त्यावरच उभं आहे. यावर ह्यांच्याकडे उत्तर नाही, आणि माझ्या मते कोणाकडेच नाही.

शिंगलच्या घरात राहणाऱ्या वाचकांना एवढंच सांगते. छताला डाग दिसला तर रूफरला फोन करण्याआधी पाण्याची तारीख, वारा आणि थंडी लिहून ठेवा. मग भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवा बंद करा आणि वळचणीकडे बघा. उजेड दिसला नाही, तर आधी सुताराला बोलवा.